बाहेरचा सीईओ शोधून देणारी सर्च फर्म: आमच्या फाउंड्रीचा अनुभव

आमची कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, ट्रॅक्टर आणि पंपाची कास्टिंग्ज (वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले भाग) करतो, आणि आबांनी सत्तरी ओलांडल्यावर घरात ठरलं की रोजचा कारभार आता बाहेरच्या प्रोफेशनल माणसाकडे द्यायचा. त्यासाठी मुंबईतली एक सर्च फर्म घेतली. खाली तक्रारी पण आहेत म्हणून नाव टाकत नाही, पण मोठ्या हुद्द्यांसाठी रिटेनरवर, म्हणजे काम हातात घेतानाच फी सुरू करून, काम करणाऱ्यांची पद्धत बरीचशी सारखी असते, त्यामुळे ज्यांच्या घरी हा विषय चाललाय त्यांना उपयोग होईल.

आधी पैशाचं सांगतो. साध्या प्लेसमेंटवाल्याला माणूस जॉइन झाला तरच पैसे मिळतात, इथं तसं नाही. फी साधारण पहिल्या वर्षाच्या सीटीसीच्या (कंपनीला पडणाऱ्या एकूण पगाराच्या) २५ ते ३३ टक्के, आणि ती तीन हप्त्यांत, काम देताना, शॉर्टलिस्ट आली की, आणि ऑफर स्वीकारली की. आकडा ऐकून दादा म्हणाला, एवढ्या पैशात लिंक्डइनवर बसून मीच शोधतो की. नावं तिथं मिळतात हे खरंच आहे.

पण या लोकांनी सुरुवातीला एकही बायोडेटा पाठवला नाही. त्यांच्या पार्टनर मॅडम स्वतः कोल्हापूरला आल्या, शॉप फ्लोअरवर फिरल्या, मग आबा, काका, दादा, मी आणि मेल्टिंगचे आमचे सगळ्यात जुने सुपरवायझर, प्रत्येकाशी वेगवेगळं बसून तेच प्रश्न विचारले. नवा माणूस तुम्हाला न विचारता किती रुपयांपर्यंत खरेदी करू शकेल? फर्नेस बदलायचा निर्णय कोणाचा? नात्यातल्या कुणाला कामावरून काढायची वेळ आली तर त्याला काढता येईल का? नंतर सगळ्यांना एकत्र बसवून, नावं न सांगता, उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. एकाचं उत्तर ५ लाख, दुसऱ्याचं ५० लाख आणि तिसऱ्याचं ‘विचारल्याशिवाय एक रुपया नाही’. त्या दुपारी घरात जेवढं बोलणं झालं तेवढं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आवाज चढले, काका उठून बाहेर पण जाऊन आले, पण शेवटी नव्या माणसाला काय काय ठरवता येईल याचा दोन पानांचा कागद तयार झाला आणि त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्या मते फी इथंच वसूल झाली.

कारण बाहेरून माणूस आणणं अवघड नाही, त्याला काम करू देणं अवघड आहे. इन्फोसिसनं २०१४ मध्ये विशाल सिक्कांना आणलं, संस्थापकांबाहेरचे पहिले सीईओ, आणि संस्थापक आणि बोर्ड यांच्यातला वाद चव्हाट्यावर येऊन ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. उलट त्याच २०१४ मध्ये मॅरिकोत हर्ष मारीवालांनी एमडीपद सौगत गुप्तांकडे दिलं, ते २००४ पासून कंपनीत होते, सगळ्यांना माहीत असलेले, आणि स्वतः मारीवाला चेअरमन राहिले. इन्फोसिससारख्या एवढ्या मोठ्या कंपनीला हा प्रश्न सोपा गेला नाही तर आमच्यासारख्या घरच्या धंद्याला तो आधी कागदावर सोडवायलाच हवा.

शॉर्टलिस्ट चांगली होती. पुणे आणि चेन्नईकडचे ऑटोवाले, सगळ्यांना कास्टिंगमधलं रिजेक्शन (खराब निघून नाकारला जाणारा माल) म्हणजे काय हे नीट कळणारे. पण इथं पहिली तक्रार. आम्हाला सगळ्यात आवडलेला माणूस अगदी ऑफरच्या टप्प्यावर हातचा गेला, कारण बायकोची पुण्यात नोकरी आणि मुलगा दहावीला. अहो, हे पहिल्या फोनवर विचारायला नको का? कोल्हापूरला कुटुंबासकट यायचंय म्हटल्यावर माणसाचा पगार नंतर, घरचं आधी विचारायचं.

रेफरन्स चेकचं पण तसंच. पुढच्या उमेदवाराच्या वेळी पहिल्यांदा त्याच्या जुन्या साहेबांनाच फोन करून रिपोर्ट दिला, सगळा गोडगोड. त्याच्या हाताखाली काम केलेल्यांशी आणि एखाद्या व्हेंडरशी बोला असा आग्रह धरला तेव्हा खरी माहिती आली, आणि चांगली आली, हा माणूस पेमेंटचा शब्द पाळतो, हे आम्हाला व्हेंडरकडूनच कळलं. त्यालाच घेतलं.

जॉइन झाल्यावर मात्र सर्व्हिस ढिली पडली. मॅडम दिसेनाशा झाल्या आणि फॉलोअपचा फोन एका नवख्या पोरानं केला, प्रश्न वाचून दाखवल्यासारखे. खरी गरज तेव्हाच होती, कारण फ्लोअरवरचे लोक सवयीनं अजून आबांच्या केबिनकडेच वळायचे. तो सह्यांचा कागद होता म्हणून आबांनी ठामपणे त्यांना नव्या साहेबांकडे पाठवायला सुरुवात केली.

तुम्ही अशी फर्म घेत असाल तर करारात तीन गोष्टी नक्की बघा. माणूस सोडून गेला तर किती महिन्यांत दुसरा फुकट शोधून देणार (६ ते १२ महिने लिहून घ्या), ते कुठल्या कंपन्यांतून माणूस उचलू शकत नाहीत, कारण जुन्या क्लायंटकडचे लोक ते ठरावीक काळ काढत नाहीत आणि नेमकी तुम्हाला हवी ती कंपनी त्या यादीत निघू शकते, आणि शेवटी प्रत्यक्ष फोन कोण करणार, पार्टनर की ज्युनियर. फी पण टक्क्यात ठेवू नका, ठरावीक रक्कम बोला, नाहीतर पगार जितका वाढेल तितका त्यांचा फायदा.

पाचपैकी साडेतीन. पुढं सीएफओ (पैशाचा कारभार बघणारा) शोधायचाय, काम याच फर्मला देतोय, फक्त या वेळी फी फिक्स आणि जॉइनिंगनंतरच्या भेटी मॅडमच्या नावानिशी करारात लिहून.