भरलेली टाकी बघून घेतलेला कॉम्प्रेसर

३१ वर्षं मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवायच्या खात्यात, काढली. हवा म्हणजे माझ्या लेखी भिंतीतून येणारी वस्तू. बाकाशेजारी नळी लोंबकळत असायची, कॉक फिरवला की सहा किलोची, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाबाची, हवा हजर. ती कुठून येते, कोण दाबतं, हे बघायला कॉम्प्रेसर रूममध्ये मी सगळे मिळून पाच-सहा वेळा गेलो असेन. तेही थंडीच्या दिवसांत, तिथं ऊब असते म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यानं मला फसवलं त्यानं नेमकं हेच ओळखलं होतं. हा माणूस मशिनीतला आहे, पण ह्या मशिनीतला नाही, आणि तसं कबूल करायची त्याला लाज वाटणार.

निवृत्तीनंतर फुलेवाडीत घरामागं पत्र्याची शेड टाकली. लहान पॅटर्न, कोअर बॉक्सची (वाळूचा गाभा पाडायच्या साच्याची) दुरुस्ती, कुणाची सागवानी फर्निचरची घासाई, अशी कामं घरबसल्या मिळत होती. त्यासाठी एअर सँडर, ब्लो गन आणि रंगाची गन चालवायची होती. नवीन कॉम्प्रेसर घ्यायला जीव होईना. ओळखीतल्या ओळखीनं शहराबाहेरच्या एका शेडचा पत्ता मिळाला. जुन्या मशिनी घेऊन, साफसूफ करून विकणारा माणूस.

मी पोचलो तेव्हा मशीन चालूच होती. निळा हॅमरटोन रंग, पट्टा नवा, काटा साडेसातवर. माझ्या डोळ्यांदेखत काटा आठावर गेला, प्रेशर स्विच टक् करून पडला आणि फुस्स करून अनलोडर, म्हणजे पंपात अडकलेली हवा सोडणारा व्हॉल्व्ह, सुटला. “बगा मिस्त्री, कटिंग एक नंबर,” तो म्हणाला. “तुमास्नी काय सांगायचं? तुमचं आयुष्य मशिनीत गेलंय.” झालं. त्या ‘मिस्त्री’वर मी विरघळलो. पाटीवर लिहिलं होतं ३ एचपी, १२ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), १६० लिटर. वर दोन सिलिंडर दिसत होते. “डबल सिलिंडर हाय, म्हंजे डबल स्टेज,” हेही त्यानंच सांगितलं आणि मी मान डोलावली. काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं, पण चेहऱ्यावर मात्र सगळं ठाऊक असल्याचा भाव.

दोन सिलिंडर म्हणजे टू स्टेज नव्हे, हे मला नंतर कळलं. टू स्टेजला एक सिलिंडर मोठा, एक लहान. मोठ्यात दाबलेली हवा मधल्या फिन्सच्या नळीतून थंड होऊन लहानात जाते. दोन्ही सिलिंडर सारख्या मापाचे असले तर ती साधी सिंगल स्टेजच. हे नुसत्या डोळ्यांनी कळतं, आणि माझे डोळे ३१ वर्षं अर्ध्या मिलिमीटरचा श्रिंकेज पकडत आले होते.

२४,५०० ला सौदा ठरला. पक्कं बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वर पडतील म्हणाला, तेव्हा मी कच्च्या पावतीवर तयार झालो. पावतीवर तीन शब्द : ‘कॉम्प्रेसर, १ नग’. पैसे रोख. लाइन टाकायला त्यानंच एक फिटर पाठवला, त्याचे ६,८०० वेगळे. फिटरनं दोन तासांत भिंतीवरून पीव्हीसी पाइप फिरवला, सोल्युशन लावून एल्बो चिकटवले आणि निघाला. मी विचारलं, हवेला हा चालतो का? “पायपावर छापलंय बगा की, धा किलो. आपलं प्रेशर आठ.” हिशेब बरोबर वाटला.

पहिल्याच आठवड्यात सँडर रडायला लागला. तीन-साडेतीन मिनिटं जोरात चालायचा, मग बैल चढाला थकावा तसा मंदावत जायचा. मी हात थांबवायचा, टाकी भरू द्यायची, पुन्हा सुरू. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “लाइट कमी येत असंल. व्होल्टेज बगून घ्या.” महिनाभर मी लाइटवरच बोट ठेवून बसलो. तिकडं रंगाच्या कामात वेगळंच सुरू झालं होतं. जुलै लागला, आणि काळा रंग मारलेल्या पॅटर्नवर बारीक फोड यायला लागले. गन हातावर मारून बघितली तर तळवा ओला.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो गोकुळ शिरगावला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. आल्या आल्या त्यानं विचारलं, “मामा, टाकी रिकामी करून भरायला किती वेळ लागतो ते बघितलंय का?”

नव्हतं बघितलं. मला दाखवली ती भरलेली टाकी. सात साडेसातपासून आठापर्यंत कुठलाही पंप काटा चढवतो.

त्यानं खालचा ड्रेन उघडला, काटा शून्यावर आणला, कॉक बंद केला, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. आम्ही दोघं उभे. पाच मिनिटं झाली, काटा पाचाच्याही खाली. आठ मिनिटं झाली. साडेनऊ मिनिटांनी स्विच पडला. भाच्यानं खडूनं भिंतीवर लिहिलं. १६० लिटरची टाकी ८ किलोपर्यंत भरली, म्हणजे साधारण १,२८० लिटर हवा. भागिले साडेनऊ मिनिटं, म्हणजे मिनिटाला १३५ लिटर. एक सीएफएम म्हणजे २८ लिटरच्या आसपास. उत्तर पावणेपाच सीएफएम. सतत घासणाऱ्या सँडरला दहा-बारा लागतात. १२ सीएफएमची मशीन असती तर हीच टाकी चार मिनिटांच्या आत भरायला हवी होती. एवढाच गुणाकार-भागाकार. शेडमध्ये उभं राहून करता आला असता.

आणि पाटीवरचा १२ चा आकडा कुठून आला असेल, तर पिस्टन मिनिटाला एकूण किती जागा झाडतो त्यावरून. त्याला डिस्प्लेसमेंट म्हणतात. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफएडी, चांगल्या सिंगल स्टेज पंपालासुद्धा त्याच्या ६० ते ७५ टक्के मिळते. रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजलेले असले की आणखी घसरते. विकणारा नेहमी मोठा आकडा सांगणार. आपण विचारायचं, हा एफएडी आहे का?

मग भाच्यानं टाँगटेस्टर, म्हणजे वायरीतला करंट मोजायचा चिमटा, काढला. काटा आठाजवळ असताना, म्हणजे लोड सगळ्यात जास्त असताना, मोटर साडेनऊ अँपिअर ओढत होती. सिंगल फेजवर खरी ३ एचपी मोटर चौदा-पंधरा अँपिअर घेते. साडेनऊ म्हणजे २ एचपी. “व्होल्टेज किती?” मी चिवटपणे विचारलं. २२८. लाइट व्यवस्थित होती.

पाटी तेव्हा आम्ही नीट बघितली. अॅल्युमिनियमची, चकचकीत, चार पॉप रिव्हेट. रिव्हेट मारताना रंगाला बारीक तडे गेले होते, म्हणजे आधी रंग, मग पाटी. भाच्यानं स्क्रू ड्रायव्हरनं एक कोपरा उचलला. खाली दुसऱ्याच मापाचा चौकोन, लांबीनं (पुट्टीनं) बुजवलेली जुनी दोन भोकं आणि त्यावर निळा रंग. मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला, तर कोपऱ्यात हळदीसारखी बारीक, वाळलेली गाळाची माती. कोल्हापूरच्या माणसाला ती माती ओळखायला वेळ लागत नाही. २०१९ ला म्हणा, २०२१ ला म्हणा, पंचगंगा आत आली तेव्हा किती मशिनी चार-चार दिवस पाण्यात उभ्या होत्या! माझी त्यातलीच असावी असा माझा अंदाज आहे.

इथपर्यंत पैशाचं नुकसान होतं. पुढचं वेगळं.

पाच-सहा दिवसांनी, सकाळी सव्वाआठला, मशीन चालू करून मी चहाला घरात आलो. ट्रकचा टायर फुटावा तसा आवाज झाला. शेजारीपाजारी गल्लीत आले. शेडमध्ये धूळ तरंगत होती, मशीन तशीच धडधडत होती आणि बाकाच्या वरचा एल्बो जाग्यावर नव्हता. पीव्हीसीचे तुकडे सगळीकडं, काचेसारखे टोकदार. नखाएवढा एक तुकडा उभ्या करून ठेवलेल्या सागवानी फळीत निम्मा रुतला होता. मी बाकापाशी उभा राहतो तेव्हा माझा गाल त्याच उंचीला असतो. तो तुकडा पकडीनं ओढून काढावा लागला.

पायपावरचे ते दहा किलो पाण्याचे असतात. पाणी दाबलं जात नाही. पाइप चिरला तर चिळकांडी उडते आणि प्रेशर तिथंच मरतं. हवा स्प्रिंगसारखी दबून बसलेली असते, ती फुटते तेव्हा पायपाचे तुकडे घेऊनच सुटते. त्यात कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा गरम आणि तेलकट, दोन्हीनं पीव्हीसी कमजोर होतो. उघड्या पीव्हीसीतून दाबाची हवा न्यायचीच नाही, मग त्यावर काहीही छापलेलं असो. घरी कुणाकडं अशी लाइन असेल तर आज टाकी रिकामी करा, पाइप बदलेपर्यंत साध्या रबरी एअर होजवर काम चालवा.

त्या आवाजानं मी शहाणा झालो म्हणा किंवा घाबरलो म्हणा, पण टाकीचा संशय तेव्हा आला. ड्रेन उघडला तर काळपट पाणी, त्यात चहाच्या गाळासारखे गंजाचे पापुद्रे. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढली तर हलेना, रंगानं जाम झालेली. टाकीच्या पोटाला साबणाचं पाणी लावलं, एका जागी बुडबुडे आले. तिथला निळा रंग खरवडला तर खाली राखाडी एमसील. जुन्या फौंड्रीतल्या क्वालिटीच्या मित्राला विनंती केली, तो अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज घेऊन आला. टाकीच्या पाठीवर पत्रा साडेचार मिलिमीटर भरला. पोटाशी, जिथं पाणी साचतं तिथं, १.८. आठ किलोची हवा मी दीड महिना त्यात भरत होतो, आणि सुट्टीला आलेला नातू त्या टाकीवर घोडा करून बसायचा.

जुनी टाकी घेताना तिची हायड्रो टेस्ट करून मागा. टाकी पाण्यानं पूर्ण भरून पंपानं चालू प्रेशरच्या दीडपट दाब देतात. गळकी असली तर पाणी ठिबकतं, कुणाला इजा होत नाही. कुणी “हवेनंच टेस्ट करून दावतो” म्हणाला तर तिथं उभं राहू नका.

मी शेडवर गेलो. तो अजिबात चिडला नाही, उलट चहा मागवला. “मिस्त्री, चालू करून दावली का न्हाई? पाइप फिटरनं लावला, म्या न्हाई. आणि १२ सीएफएम म्या कुठं लिवून दिलंय?” खरंच नव्हतं दिलं. पाटीवर होतं, आणि पाटी कुणी लावली याचा पुरावा नव्हता. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. सगळं आहे, पण माझ्या हातात ‘कॉम्प्रेसर, १ नग’ एवढाच कागद आणि खाली कुणाचं नावही नाही. पैसे फोनवरून पाठवले असते तर निदान नोंद राहिली असती. १८ टक्के वाचवायला गेलो आणि शंभर टक्के घालवून बसलो.

शेवटी तो म्हणाला, “नऊ हजार देतो, मशीन परत आणून टाका.” बायको म्हणाली, “अहो, घ्या की, तेवढे तरी सुटतील.” दोन दिवस मी खरंच विचार केला. पण नऊ हजाराला परत घेऊन तो तिचं काय करणार? पुन्हा एमसील, पुन्हा हॅमरटोन.

दिवाळीनंतर नवीन घेतली, पक्क्या बिलावर. या खेपेला दुकानात टाकी रिकामी करून घड्याळ लावलं, दुकानदार हसला तरी. लाइन उद्यमनगरातून आणलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पायपाची, सी क्लासची, म्हणजे लाल पट्ट्याची. कॉम्प्रेसर आणि पाइप यांच्यात हातभर फ्लेक्सिबल होज, नाहीतर थरथरीनं आटे सैल होतात. मेन लाइनला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार, कॉम्प्रेसरपासून लांब जाणारा. बाकावर उतरणारी लाइन मेनच्या वरच्या बाजूनं काढून, बगळ्याच्या मानेसारखी वळवून खाली आणली, कारण पाणी पायपाच्या तळानं वाहतं. शेवटी खाली वीतभर पाइप तसाच सोडून त्याला ड्रेन कॉक. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तासभर मशीन चालली की चहाचा कप भरेल एवढं पाणी निघतं, ते या कॉकमधून आणि टाकीच्या ड्रेनमधून रोज सोडायचं. रंगाच्या गनला फिल्टर आणि रेग्युलेटर आहे, हवेत तेल सोडणारा ऑइलर मुद्दाम लावला नाही. तेलाचा थेंब गेला तर रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. फोड बंद झाले.

जुनी मशीन महिनाभर अंगणात ताडपत्रीखाली होती. मोटर काढून बफिंगला लावली, २ एचपी म्हणून ती चांगलीच चालते. मग सगळे प्लग उघडे करून टाकीच्या पोटात ड्रिलनं अंगठा जाईल अशी तीन भोकं पाडली आणि भंगारवाल्याला हाक मारली. त्यानं टाकी उलटीसुलटी करून बघितली, भोकांत बोट घातलं.

“काका, भोकं कशाला पाडलीसा? आख्खी असती तर दुप्पट दिलं असतं. एक गिऱ्हाईक हाय माज्याकडं, असल्या टाक्या घेतंय.”