तरंगती जेट्टी : माल पाच स्टार, फिटिंग एक स्टार

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण शेवटचा हप्ता अजून आमच्याकडे अडकलाय आणि नाव टाकलं की फोन सुरू होतात. पण प्लास्टिकच्या डब्यांची तरंगती जेट्टी घ्यायच्या विचारात कोणी असेल, मग कोळीवाड्यात असो नाहीतर फार्महाऊसच्या तळ्यावर, त्याने हे वाचून मगच अ‍ॅडव्हान्स द्यावा.

आमचं गाव ठाणे खाडीवर, नवी मुंबईच्या बाजूला. जुना दगडी धक्का आहे, भरतीला बोट थेट धक्क्याला लागते, पण ओहोटीला पाणी लांब जातं आणि मधे राहतो नुसता गाळ, गुडघाभर, काही ठिकाणी मांडीपर्यंत. डोक्यावर कोलंबीची पाटी घेऊन त्या गाळातून चालत यायचं म्हणजे काय हे लांबून फ्लेमिंगोचे फोटो काढणाऱ्यांना नाही कळणार. गेल्या वर्षी आत्याच्या तळपायाला कालवाच्या शिंपल्याची धार लागली, आठ टाके पडले, दीड महिना घरात बसून होती. तेव्हा आमच्या मच्छीमार सोसायटीने ठरवलं की तरंगती जेट्टी घ्यायची. परवानग्यांमध्ये किती चपला झिजल्या तो विषय वेगळा.

माल खरंच चांगला आहे, त्यात खोट काढणार नाही. डबे एचडीपीईचे, म्हणजे जाड कडक प्लास्टिकचे, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, चाळीस सेंटीमीटर उंच, कोपऱ्यांना कान असतात, चार डब्यांचे कान एकावर एक बसवून मधून पिन फिरवली की झालं. गंज नाही, वरून खरबरीत म्हणून ओल्या पायाने पण घसरत नाही, आणि दहा-बारा माणसं जाळ्यांसकट उभी राहिली तरी दबत नाही. मी रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो, सामान हातात घेतलं की कळतं, हे सामान हलकं नव्हतं. घोळ सगळा पुढे आहे.

फिटिंगवाले आले श्रावणात, अष्टमीला. दोन दिवसांत काम उरकून गेले. मी नेमका साईटवर बाहेरगावी होतो, नाना होते काठावर. नानांनी त्यांच्या सुपरवायझरला तेव्हाच विचारलं, "तू आलास भांगाला, उधाणाचा हिशेब कोन करनार?" तो म्हणाला काका काळजी नको, आम्ही भरपूर कॅनॉल आणि धरणांवर लावलेत. कॅटलॉगात पण तेच फोटो, तळी, कॅनॉल, रिसॉर्ट, केरळचं बॅकवॉटर. अरे बाबा धरणाचं पाणी उतरायला महिने लागतात, इथे दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही, तिथीचा पाऊणपट करायचा, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला अकरा-बाराच्या सुमाराला, खाडीत आत थोडं पुढेमागे होतं. आणि वेळेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे उंची. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी जेमतेम दीड-दोन मीटर हलतं. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा तेच पाणी चार मीटरच्या आसपास, कधी त्याच्याही वर. म्हणजे भांगाच्या भरतीपेक्षा उधाणाची भरती तीन-चार फूट उंच चढते आणि ओहोटी तितकीच अजून खाली जाते. वर्षभराचं कोष्टक आधीच छापून येतं, मुंबईच्या अपोलो बंदरचे आकडे तर नेटवर फुकट आहेत, कोणीही बघावेत.

यांनी काय केलं, दोन दिवस जे पाणी दिसलं त्याच मापाने सगळं कापलं. चार कोपऱ्यांना सहा इंची पाइप गाळात रोवले आणि जेट्टीला रिंगा लावून त्या पाइपांवर चढवल्या, म्हणजे पाणी चढेल तशी जेट्टी पाइपावरून वर सरकणार. आयडिया बरोबर. पण पाइपाचं डोकं भांगाच्या भरतीपासून मोजून वर जेमतेम तीन-साडेतीन फूट ठेवलेलं! आणि रिंगा नुसत्या लोखंडाच्या, आत ना रोलर ना नायलॉन, लोखंडावर लोखंड. एकादशीपासूनच रात्री कर्रर्र कर्रर्र आवाज यायला लागला, काठावरच्या घरांतली पोरं झोपेनात.

गँगवेचं, म्हणजे धक्क्यावरून जेट्टीवर उतरायच्या पुलाचं, तर बोलायलाच नको. वीस फुटी केला, एक टोक धक्क्याला बिजागरीवर, दुसरं टोक जेट्टीला चार बोल्ट मारून पक्कं. आता साधं गणित बघा, गवंडी काटकोन काढतो ना तीन-चार-पाचने, तेच. गँगवे सपाट असताना त्याचं टोक धक्क्यापासून वीस फुटांवर. जेट्टी बारा फूट खाली गेली की तेच टोक येतं सोळा फुटांवर. म्हणजे खालचं टोक चार फूट मागेपुढे सरकायलाच पाहिजे, तिथे चाकं पाहिजेत आणि चाकं फिरायला पट्टी पाहिजे. यांनी बोल्ट मारले. जेट्टी पाइपांमुळे जागची हलणार नाही, गँगवे बोल्टमुळे सरकणार नाही, मग काहीतरी फाटणारच. त्रयोदशीच्या ओहोटीला दोन बोल्ट डब्याच्या कानांसकट उपटून आले. आणि टोक सरकलं असतं तरी बारा फूट उतार वीस फुटांत म्हणजे सदतीस अंश, त्याला गँगवे नाही शिडी म्हणतात, पाटी घेऊन कोण उतरणार त्यावरून.

तरी आम्ही दोरीने बांधून वेळ मारून नेली, कारण नारळी पौर्णिमा तोंडावर होती. आणि नेमकं त्याच दिवशी तमाशा झाला. दुपारी बाराच्या आत पाणी चढलं आणि दक्षिणेकडच्या कोपऱ्याची रिंग पाइपावरून वर निघून बाजूला सरकली. पाणी उतरायला लागल्यावर ती परत पाइपात जाईल कशी, ती पाइपाच्या डोक्यावरच बसली. बाकी तीन कोपरे पाण्याबरोबर खाली आणि हा एक कोपरा वर टांगलेला. संध्याकाळी सोन्याचा नारळ घेऊन मिरवणूक काठावर आली, बँड, नऊवारी, पोरंबाळं, सगळं गाव, आणि समोर आमची नवी कोरी जेट्टी, पाय वर करून झोपलेल्या कुत्र्यासारखी. चेअरमन काकांना त्याच दिवशी जेट्टीची पूजा करून फोटो काढायचा होता. फोटो निघाले, काकांच्या मनातले नव्हते एवढंच. नारळ दगडी धक्क्यावरूनच सोडला.

पुढचं अजून एक. जिथे जेट्टी लावली तिथे भांगाच्या ओहोटीला तीन फूट पाणी होतं, म्हणून लावली. उधाणाच्या ओहोटीला तिथे पाणीच नाही, जेट्टी गाळात बसते. बसली तर बसली, पण गाळ धरून ठेवतो, पाणी चढलं तरी लगेच सोडत नाही आणि मग एकदम फटकन वर येते, वर माणूस असेल तर खाडीतच. नशीब कोणी नव्हतं.

सर्व्हिसचं सांगायचं तर फोन तिसऱ्या दिवशी उचलला. आधी म्हणाले समुद्र खवळला होता, नैसर्गिक आपत्ती. पौर्णिमा नैसर्गिक आपत्ती! पुनव-अवस धरून दर पंधरा दिवसांनी येणारी आपत्ती. मी म्हटलं अवसेला स्वतः या, चहा पाजतो, काठावर बसून सकाळपासून बघा. सुपरवायझर आला, एवढं मात्र मानतो, दिवसभर बसला, दुपारी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला आलं तेव्हा गप्प झाला. संध्याकाळी खालचा गाळ बघून नानांना म्हणाला, "काका, चुकलंच." नाना काही बोलले नाहीत, त्याला बोंबलाची चटणी आणि भाकरी दिली.

नंतर काम परत केलं. जेट्टी वीस फूट पुढे खोल पाण्यात नेली, नवे पाइप लांबच टाकले, डोकं उधाणाच्या भरतीच्या पाच फूट वर. रिंगांना आत नायलॉनचे रोलर मी आमच्या शॉपमध्ये बसवले. गँगवे चाळीस फुटी केला, खालच्या टोकाला चाकं, जेट्टीवर चेकर्ड प्लेटची पट्टी, आणि गँगवेचं वजन झेलायला टोकाखाली डबे दुप्पट. आता बारा फूट उताराला साधारण साडेसतरा अंश पडतात. आत्या पाटी घेऊन वर येते, मधे एकदा थांबते, पण गाळात उतरत नाही.

तर स्टार. डब्यांना पाच. फिटिंगला एक, तो पण सुपरवायझर परत आला म्हणून, आत्या तर शून्य म्हणत होती. घेणाऱ्यांनी कोटेशनमध्ये "सर्वात मोठ्या उधाणाची भरती आणि ओहोटी धरून" असं लिहून घ्या, आणि फिटिंगवाला अष्टमीला आला तर त्याला आल्या पावली परत पाठवा.

राहिलेल्या तीस हजारांसाठी कालच त्यांच्या ऑफिसमधून फोन आला, चेक कधी घ्यायला येऊ म्हणून. आत्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "अवसेला ये. बाराला ये. भरती बघ न चेक घेऊन जा."