हजेरीपत्रकावरच्या चोवीस सह्या

मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून उजवीकडची नस दबली आहे आणि गादीचा मधला भाग मज्जारज्जूला टेकला आहे, असे माझ्या एमआरआयच्या अहवालात स्पष्ट लिहिले होते. खांद्यापासून अंगठ्यापर्यंत उतरणारी कळ इतकी तीव्र होती की रात्री उजवा हात डोक्यावर ठेवला तरच थोडी झोप लागत असे. ‘शस्त्रक्रियेविना बारा आठवड्यांत गादी जागेवर’ ही जाहिरात मी पाहिली ती याच दिवसांत. अज्ञानामुळे फसले असे म्हणता आले असते तर बरे वाटले असते. पण मी अहवाल वाचणारी आणि प्रश्न विचारणारी रुग्ण होते. फक्त जाहिरात देणाऱ्या, उपचार करणाऱ्या गृहस्थांच्या नावापुढे लागलेल्या अक्षरांचा अर्थ तेवढा विचारला नाही.

चोवीस सत्रांची संपूर्ण रक्कम आगाऊ घेण्यात आली. पहिल्याच सत्रात त्यांनी माझी हनुवटी धरून मान झटक्यात फिरवली, ‘कट्’ असा आवाज झाला आणि ते म्हणाले, “ऐकलंत ना ताई? मणका बसला जागेवर.” सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा तयार होताना असा आवाज येतो आणि त्याचा मणका सरकण्याशी किंवा बसण्याशी काहीही संबंध नसतो, हे मला बरेच नंतर कळले. मज्जारज्जूवर दाब असताना मान अशी फिरवायचीच नसते, हेही नंतरच कळले. हात लावण्यापूर्वी त्यांनी माझी चाल पाहिली नव्हती, की गुडघ्यावर हातोडीही मारून पाहिली नव्हती.

पाचव्या आठवड्यापासून कळ खरोखरच कमी होऊ लागली, आणि फसवणुकीचे खरे कसब इथेच होते. नस दबल्यामुळे हातात उतरणारी कळ बहुतेक रुग्णांमध्ये काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरते. बाहेर आलेला गादीचा भाग शरीर अनेकदा स्वतःच शोषून घेते. बारा आठवड्यांची हमी या नैसर्गिक क्रमावर बेतलेली होती. जे बहुधा आपोआप घडले असते, तेच त्यांनी मला विकले, आणि मी इतरांना त्यांचे नाव कौतुकाने सांगत राहिले. त्यातल्या दोघी तिथे गेल्याही. त्याची लाज अजून वाटते.

सातव्या आठवड्यात दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, किल्ली कुलपात नीट बसेना आणि जिना उतरताना पायांवरचा भरवसा जाऊ लागला. “नसा मोकळ्या होत आहेत, ही सुधारणेचीच खूण आहे,” असे मला सांगण्यात आले. वेदना कमी होत असल्यामुळे मी ते मानले. परंतु नस दबणे आणि मज्जारज्जू दबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिली ओरडून सांगते, तर दुसरी पुष्कळदा फारशी वेदना न देता हातांचे कौशल्य, चालण्याचा तोल आणि पुढे लघवीवरचे नियंत्रणही हिरावून घेते. अशी लक्षणे दिसल्यास एकही सत्र अधिक न घेता मेंदू व मज्जासंस्थेच्या किंवा मणक्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. लघवी वा शौचावरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी.

शेवटच्या सत्रानंतर त्यांनी नव्या एमआरआयची एक प्रतिमा जुन्या प्रतिमेशेजारी लावून गादी आत गेल्याचे दाखवले. ती सपाट दिसत होती हे खरे. संपूर्ण सीडी मागितली तेव्हा टाळाटाळ झाली. ती मी तपासणी केंद्रातून परस्पर मिळवली. मणक्यांच्या शल्यचिकित्सकांनी ती लावली आणि अर्ध्या मिनिटात उलगडा झाला. जुनी प्रतिमा मानेच्या बरोबर मधल्या छेदाची होती, नवी मात्र कडेच्या छेदाची. तिच्यात मज्जारज्जूचा करडा पट्टा दिसतच नव्हता. नव्या तपासणीचा मधला छेद उघडला तेव्हा गादी तिथेच होती आणि मज्जारज्जूत पांढुरका डाग उमटला होता. डॉक्टरांनी माझ्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली तेव्हा अंगठा आपोआप आत वळला; ही मज्जारज्जू दबल्याची एक खूण. टाच आणि चवडा जोडून सरळ रेषेत चालायला सांगितले, तर तिसऱ्या पावलाला मी भिंत धरली.

शस्त्रक्रिया झाली. गळ्याच्या पुढच्या बाजूने गादी काढून दोन मणके जोडण्यात आले. काही दिवस घोगरा आवाज आणि गिळताना त्रास एवढे सोसावे लागले. अशी शस्त्रक्रिया मुख्यतः पुढचे नुकसान थांबवण्यासाठी असते. गेलेले सगळे परत येईल असे वचन मला कोणी दिले नाही, आणि त्या प्रामाणिकपणाचे मोल तोवर मला कळू लागले होते. चाल सुधारली आहे. बोटांचा बधिरपणा उरला आहे. तो मान फिरवल्यामुळे वाढला की गादीमुळेच, हे आता ठामपणे सांगता येत नाही. वाया गेलेल्या आठवड्यांचा हिशेब मात्र लागतो.

प्रत्येक सत्रानंतर माझ्याकडून एका हजेरीपत्रकावर सही घेतली जात असे. तक्रारीसाठी त्याची प्रत मागितली तेव्हा ते देण्यास नकार मिळाला, परंतु शेवटच्या दिवशी मी सहज त्याचे छायाचित्र काढून ठेवले होते. पहिल्या सह्या माझ्या नेहमीच्या, वळणदार आहेत. पंधराव्या सहीपासून अक्षरे ओळ सोडू लागतात, आणि चोविसावी सही माझी आहे हे मला स्वतःलाही ओळखता आले नसते.