जुन्या मुंबईचं टेबल कॅलेंडर: फोटो झकास, सालं तेवढी तपासून घ्या

फोर्टातल्या एका विक्री-प्रदर्शनात हे साडेतीनशेला घेतलं. प्रत्येक महिन्याला वर जुना फोटो, खाली त्याच जागेचा आजचा. कागद जाड, चकाकणारा नाही, त्यामुळे खिडकीशी ठेवलं तरी नीट दिसतं. वायर मात्र पान उलटताना अडकते.

सगळ्यात सरस पान ओव्हल मैदानाचं. राजाबाई टॉवरकडे पाठ करून पश्चिमेला बघायचं. आज तिथे गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारतींची सलग रांग आहे. वरच्या फोटोत ती रांगच नाही, नुसतं मोकळं आभाळ. नातीने विचारलं, "आजी, मग या बिल्डिंगा आल्या कुठून?" समुद्र हटवून केलेल्या भरावावर त्या १९३०नंतर उभ्या राहिल्या, हे तिला सांगताना चहा निवला. फोटो काढणारा अगदी जुन्या जागी उभा राहिलाय, म्हणून हे जमलं. मोहम्मद अली रोडचंही तसंच. आजच्या फोटोत जे.जे. उड्डाणपुलाचे खांबच खांब. दिसायला कुरूप, पण कोन बदलून पूल लपवला नाही हे बरं केलं. क्रॉफर्ड मार्केटच्या पानावर मात्र दोन फोटो दोन वेगळ्या कोपऱ्यांवरून घेतलेत. तुलना करायची कशाची?

खरी बोंब सालांची. बोरीबंदरसमोर ट्राम उभी, आणि खाली छापलंय १९६७! मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली. शेवटची ट्राम इथूनच दादरला गेली, आमच्या चाळीतले अर्धे पुरुष ती बघायला गेले होते. काळा घोडाही तसाच. सातव्या एडवर्डचा पुतळा जागेवर दिसतोय आणि साल १९७०. तो १९६५मध्येच तिथून हलवला, आता राणीच्या बागेत आहे. चौकात सध्या आहे तो स्वाराशिवायचा घोडा, २०१७चा. विक्रेत्याला हे दाखवलं, तर म्हणाला, "मॅडम, कॅलेंडरात लोक तारखा बघतात, साल कोण बघतं?"

फोटोंसाठी चार तारे, मजकुरासाठी दीड. परदेशातल्या भाच्याला पाठवायला आणखी एक घेतलंय. त्यातली दोन्ही सालं पेनाने खोडूनच कुरियरला दिलं.