पुंगळ्या वेचायचा तारेचा रोलर, घ्यावा का?

शूटिंग रेंजवर फायरिंग संपलं की सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांचे रिकामे पितळी खोके, वेचणं, आणि ते बरोबर ज्याची कंबर धरलीय त्याच्याच वाट्याला येतं. म्हणून ऑनलाइन मिळतो तो तारेचा रोलर मागवला. मुळात ही वस्तू परदेशात झाडाखाली पडलेले अक्रोड गोळा करायची, मग तिकडच्या नेमबाजांनी उचलली. दांड्याच्या टोकाला भोपळ्यासारखा तारांचा पिंजरा, जमिनीवरनं नुसता ढकलत न्यायचा, पुंगळीवर आला की तारा फाकतात, पुंगळी आत जाते, तारा परत मिटतात. बाकी मोटर नाही की बॅटरी नाही.

साईज बघून घ्या. आपल्या साताऱ्याकडं पोरं पॉइंट टू टूच (.२२ बोअरचं छोटं काडतूस) मारतात, तिची पुंगळी पावणेसहा मिमी जाड आणि जेमतेम १५-१६ मिमी लांब. मोठ्या साईजचा पिंजरा नाईन एमएम पिस्तुलाच्या पुंगळीच्या मापाचा असतो, त्यात ही आत जाते आणि फिरता फिरता तशीच बाहेर गळते. तारांत सगळ्यात कमी फट असलेला, छोट्या साईजचा घ्या. आणि दुकानदार लोहचुंबकवाली काठी गळ्यात मारायला बघतात, तिच्या नादी लागू नका, पितळेला चुंबक लागत नाही.

कापलेल्या गवतावर एक नंबर काम. काँक्रीटवर पुंगळ्या पुढं घरंगळतात पण जमतं. तारांना आडवी पडलेली पुंगळी आत शिरत नाही म्हणून तीच जागा एकदा उभी आणि एकदा आडवी मारायची. मुरमावर मात्र विसरा, निम्मे खडेच भरतात, आणि आपल्याकडचा पाऊस एकदा लागला की चिखल तारांत असा बसतो की रोलर धुण्यातच अर्धा तास जातो. दांडा तीन तुकड्यांचा, स्क्रूवर जोडलेला, तो ढिला होतोच, मी सरळ वेल्डिंगवाल्याकडनं एक पाईप बसवून घेतला, तेव्हापासून कुरकुर नाही.

आता पुंगळ्या परत भरायचे व्हिडिओ बघून विचारणारे बरेच भेटतात की एवढं पितळ जमतंय तर परत भरत का नाही. अमेरिकेत भरतात, खरंय. बार उडाला की पितळ फुगून चेंबरला (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेला) चिकटतं आणि लगेच थोडं आक्रसतं, म्हणून ते निघतंही नीट आणि डायमध्ये (साच्यात) दाबून परत मापात आणता येतं, मग जुना प्रायमर (पिन आपटली की पेटणारी टोपी) काढा, नवा बसवा, दारू घाला, वर बुलेट. पण हे सगळं सेंटरफायरचं, म्हणजे ज्याचा प्रायमर बुडाच्या मधोमध वेगळा बसवलेला असतो त्याचं. पॉइंट टू टूचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, फायरिंग पिन ती कडच चेपते, हातात घेऊन बघा, काठावर खोबणी दिसेल. ती कड परत भरायची कशी? आणि सेंटरफायरची असली तरी आपल्याकडं लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं १९५९च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, तेव्हा तो नाद सोडा.

मग वेचायच्या कशाला? हिशोबाला. फौजेत राहिलेल्या कुणालाही विचारा, आणि साताऱ्यात असा माणूस शोधायला लागत नाही, एक खोका कमी पडला तर अख्खी तुकडी गवतात वाकलेली असते. क्लबातही दिलेल्या राऊंड आणि आलेल्या पुंगळ्या रजिस्टरला जुळल्या की डोक्याला ताप नाही. स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ मारल्यापासून पोरं वाढलीत, त्याच्याच थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा रायफलचा प्रकार) ६० शॉट आणि वर सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवायचे, वेगळे, आठ पोरं बसली की पाचशेच्या वर पुंगळ्या, हातानं वेचून बघा एकदा.

एक काळजी घ्या, रोलरला पुंगळी आणि न उडालेली राऊंड यातला फरक कळत नाही. टोकाला शिसं दिसलं की ती बाजूला, रेंज ऑफिसरच्या हातात. पिंजरा ट्रेमध्ये उघडा, बादलीत नको, बादलीत नीट दिसत नाही. प्रायमरमध्ये शिशाचा अंश असतो, म्हणून बारक्या पोरांना या कामाला लावू नका आणि साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

बाराशेच्या आसपास पडला. पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा त्या दांड्यानं घालवला आणि एक मुरमानं. घरी आवळ्याखाली पण फिरवून बघितला, छोट्या साईजमध्ये आवळे जात नाहीत, त्याला मोठाच लागतो.