एव्हिएशन वेदर सेंटरचं संकेतस्थळ: आपल्याकडच्या मेटार-टॅफसाठी कितपत कामाचं?

अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसचं एव्हिएशन वेदर सेंटर कॅन्सस सिटीत आहे. त्यांचं संकेतस्थळ जगभरातल्या विमानतळांचे मेटार (विमानतळावरच्या हवेची ताजी नोंद) आणि टॅफ (तिथल्या पुढच्या तासांचा हवामान अंदाज) फुकट दाखवतं. नोंदणी नाही, जाहिरात नाही, लॉगिन नाही. विमानतळाचा चार अक्षरी कोड टाकला की ओळ समोर. आपल्याकडे फ्लाइंग क्लबातले विद्यार्थी, डिस्पॅचर आणि हौशी विमानप्रेमी हेच पान उघडून बसलेले दिसतात. मूळ ओळ मिळवायला हे पान उत्तम आहे. मात्र त्या ओळीचा जो अर्थ आणि जो रंग ते लावून देतं, तो भारतातल्या स्टेशनांसाठी डोळे झाकून घेऊ नये.

२०२३ च्या ऑक्टोबरात जुनं पान जाऊन नवं आलं. नव्या पानावर नकाशा पुढे आला आणि मजकूर मागे गेला, त्यामुळे पहिल्यांदा येणारा माणूस नकाशावर ठिपके शोधत बसतो. तसं करू नका. थेट मेटारच्या पानावर जा, कोड स्वल्पविरामाने एकामागून एक टाका (व्हीएबीबी, व्हीएपीओ, व्हीएएनपी, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर), टॅफही सोबत हवा असा पर्याय निवडा आणि मागचे काही तास दाखवायला सांगा. एकच ओळ वाचण्यापेक्षा मागच्या पाच-सहा ओळी एकाखाली एक पाहिल्या की दृश्यता पडतेय की सुधारतेय, वारा कुठून कुठे फिरला, दाब कसा हलला हे आपोआप कळतं. या पानाचा सगळ्यात मोठा फायदा हाच. संगणकाशी खेळणाऱ्यांसाठी एपीआय (आपल्या प्रोग्रॅममधून थेट माहिती मागवायची सोय) सुद्धा मोकळा आहे. मिनिटाला १०० विनंत्यांची मर्यादा आहे, ती घरगुती वापराला पुरून उरते.

कोड टाकतानाच पहिली गफलत होते ती गोव्याची. दाबोळी म्हणजे व्हीओजीओ आणि मोपा म्हणजे व्हीओजीए. शेवटचं एक अक्षर बदललं की विमानतळ बदलतो. दाबोळी समुद्राला लागून, मोपा उत्तर गोव्यातल्या पठारावर. पावसाळ्यात खालचा ढग दोन्हीकडे सारखा असेलच असं नाही. पान बिचारं जे मागाल ते देतं, ‘तुम्हाला दुसरा गोवा हवा होता का’ असं विचारत नाही.

आता एक नमुन्याची ओळ घेऊ. पावसाळ्यातली मुंबई असं समजा.

मेटार व्हीएबीबी १५०३००झेड २५०१४जी२६केटी २००० टीएसआरए एससीटी०१२ एफईडब्ल्यू०२५सीबी ओव्हीसी०८० २६/२५ क्यू१००३ टेम्पो १००० +टीएसआरए

पहिला आकडी गट तारीख आणि वेळ: १५ तारीख, ०३०० यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. साडेपाच तास मिळवले की सकाळचे साडेआठ. दिवसा हे सोपं. रात्री मात्र घोटाळा होतो, कारण आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटेचे दोन वाजलेले असतात तेव्हा मेटारवर १४ तारीख आणि २०३० लिहिलेलं असतं. ओळ जुनी आहे असं समजून ती सोडून देणारे पुष्कळ असतात. उलटही होतं. मोठ्या विमानतळांचा मेटार दर अर्ध्या तासाने येतो, पण भारतातून ओळ पुढे पोचलीच नाही तर हे पान शेवटची मिळालेली ओळ दाखवत राहतं. म्हणून सगळ्यात आधी वेळेचा गट वाचायचा. दीड तासापेक्षा जुनी ओळ म्हणजे इतिहास.

वारा २५० अंशांवरून १४ नॉट, झटके २६ चे. हे अंश खऱ्या उत्तरेपासूनचे असतात, टॉवर सांगतो ते चुंबकीय. आपल्या भागात दोन्हींत फरक नगण्य, म्हणून इथे कोणी फिकीर करत नाही. अमेरिकेच्या वायव्य भागात शिकून आलेल्यांना मात्र तो फरक हिशेबात धरायची सवय असते. झटका सरासरीपेक्षा निदान १० नॉटने वर गेला तरच लिहितात, तेव्हा ‘जी’ दिसलं की दुर्लक्ष नको. आडवा वारा स्वतः काढा. मुंबईच्या २७ धावपट्टीला (दिशा २७० अंश) हा वारा २० अंशांनी तिरपा आहे, म्हणजे २६ च्या झटक्याचा आडवा भाग जेमतेम ९ नॉट. तोच वारा ३२ धावपट्टीला ७० अंशांनी लागतो आणि आडवा भाग २४ नॉटच्या घरात जातो. एकाच ओळीतून दोन अगदी वेगळी उत्तरं.

पुढे २००० म्हणजे दृश्यता दोन हजार मीटर. ९९९९ लिहिलं असेल तर दहा किलोमीटर किंवा जास्त. मेटारच्या अर्थाचं रूप उघडलं की हे पान सगळं मैलांत करून दाखवतं आणि ९९९९ चं सरळ ‘सहाहून जास्त मैल’ होतं. अमेरिकी वैमानिकाला ते पुरतं. इकडच्या माणसाने मूळ आकडाच वाचावा, कारण आपले सगळे नियम मीटरमध्ये आहेत. दृश्यता १५०० मीटरच्या खाली गेली की ‘आर’ने सुरू होणारा धावपट्टीच्या दृश्यतेचा गट येतो. आर२७/१२००डी म्हणजे २७ धावपट्टीवर १२०० मीटर आणि घसरती. यू असेल तर सुधारती, एन असेल तर स्थिर.

टीएसआरए म्हणजे गडगडाटासह पाऊस. पुढे अधिक चिन्ह असेल तर जोरदार, उणे असेल तर हलका, काहीच नसेल तर मध्यम. हिवाळ्यात सतत दिसणारे तीन कोड पक्के असू द्या. धुकं, म्हणजे एफजी, १००० मीटरच्या खालीच लिहितात. बीआर हे विरळ धुकं, १००० ते ५००० मीटर. एचझेड म्हणजे कोरडा धुरकट थर, मुंबईत डिसेंबर-जानेवारीत रोजचाच. एचझेडमध्ये तापमान आणि दवबिंदू यांच्यात बऱ्यापैकी अंतर असतं, बीआरमध्ये ते एक-दोन अंशांवर आलेलं असतं. संध्याकाळच्या ओळींत हे अंतर झपाट्याने कमी होत असेल आणि वारा पडलेला असेल, तर पहाटेबद्दल टॅफ काय म्हणतो ते पुन्हा बघा.

ढगांचे गट आकाशाचे आठ भाग धरून मोजतात. एफईडब्ल्यू एक-दोन, एससीटी तीन-चार, बीकेएन पाच ते सात, ओव्हीसी पूर्ण आठ. पुढचे तीन आकडे शेकडा फुटांत, आणि इथे भले भले चुकतात: ही उंची विमानतळापासून आहे, समुद्रसपाटीपासून नाही. मुंबईचा विमानतळ ३९ फुटांवर, तिथे फरक पडत नाही. पुण्याचा लोहगाव १,९४२ फुटांवर. पुण्याच्या मेटारमध्ये बीकेएन०२० असेल तर ढगाचा तळ क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला दाब) लावलेल्या उंचीमापकावर सुमारे ३,९५० फुटांवर भेटेल. सिंहगडाचा माथा साधारण ४,३०० फूट, म्हणजे गड ढगात. ‘दोन हजारावर ढग आहे, आपण तीन हजारावरून जाऊ’ म्हणणाऱ्याला लोहगावच्या वर जेमतेम हजार फूट मिळतात. नमुन्याच्या ओळीत छत, म्हणजे बीकेएन किंवा ओव्हीसी असलेला सगळ्यात खालचा थर, किती उंचीवर, हाही नेहमीचा प्रश्न. एससीटी०१२ छत नव्हे, एफईडब्ल्यू०२५सीबीही नव्हे. छत ८००० फुटांवरचं ओव्हीसी. पण धोका आहे तो त्या एक-दोन भागांतल्या सीबीत, म्हणजे गडगडाटी ढगात.

२६/२५ तापमान आणि दवबिंदू. क्यू१००३ दाब हेक्टोपास्कलमध्ये. हा आकडा नेहमी खाली पूर्ण करतात: १००३.९ असलं तरी १००३ लिहितात, त्यामुळे उंचीमापक खऱ्यापेक्षा किंचित कमी दाखवतो आणि चूक सुरक्षित बाजूला राहते. पानावर शेजारी इंचांतला आकडाही दिसतो, इथे तो २९.६२ येईल. अमेरिकेत शिकून परतलेल्यांची नजर सवयीने त्याच्यावर जाते. आपल्याकडे टॉवर हेक्टोपास्कलच सांगणार, तेव्हा डोळ्यांनाही तीच सवय लावलेली बरी.

शेवटचा टेम्पोचा तुकडा म्हणजे पुढच्या दोन तासांचा ट्रेंड, हवा कशी बदलेल त्याचा अंदाज. अमेरिकी मेटारमध्ये तो नसतोच, तिकडे त्या जागी शेरे असतात. म्हणून अर्थ लावलेल्या रूपात ट्रेंड शोधत बसू नका, मूळ ओळीच्या शेपटाशी बघा. नोसिग असेल तर दोन तासांत लक्षणीय बदल अपेक्षित नाही.

आता रंगांकडे. पान प्रत्येक स्टेशनला हिरवा, निळा, लाल किंवा जांभळट ठिपका देतं. हे वर्ग अमेरिकी आहेत. छत ३००० फुटांच्या वर आणि दृश्यता ५ मैलांच्या वर असेल तर हिरवा. १००० ते ३००० फूट किंवा ३ ते ५ मैल असेल तर निळा. त्याखाली लाल आणि छत ५०० फुटांच्या किंवा दृश्यता एका मैलाच्याही खाली गेली की जांभळट. आपल्याकडे कंट्रोल झोनमध्ये (विमानतळाभोवतीच्या नियंत्रित आकाशात) व्हीएफआरने, म्हणजे नजरेने पाहून उडायच्या नियमांनी, उतरायला-उडायला, स्पेशल व्हीएफआर सोडलं तर, ५ किलोमीटर दृश्यता आणि १५०० फूट छत लागतं. आता जुळवून पहा. दृश्यता ६००० मीटर, ठिपका निळा, पण आपल्या नियमात बसतं. छत १२०० फूट, ठिपका तोच निळा, पण आपल्याकडे चालत नाही. ४९०० मीटर म्हणजे तीन मैलांच्या किंचित वर, पुन्हा निळा, आणि आपल्याकडे नापास. निळ्यावरून भारतात काहीच ठरत नाही. हिरव्याचंही तसंच. रंगात वारा, झटके, सीबी धरलेलेच नाहीत. ९९९९ दृश्यता, एफईडब्ल्यू०२५सीबी आणि धावपट्टीला काटकोनात ३० नॉटचा वारा असला तरी ठिपका हिरवागार. नवशिक्यांच्या हाती हे पान देताना रंग न बघायची ताकीद द्यावी.

टॅफचा भाग मात्र चांगला जमलाय, कारण बदलांचे गट पान वेगवेगळ्या ओळींत मांडतं. हाही नमुनाच:

टॅफ व्हीएबीबी १५०५००झेड १५०६/१६१२ २४०१२केटी ४००० आरए एससीटी०१५ बीकेएन०२५
टेम्पो १५०६/१५१२ २४०१५जी२५केटी १५०० टीएसआरए एफईडब्ल्यू०२५सीबी
बीईसीएमजी १५१५/१५१७ ५००० बीआर

१५०६/१६१२ म्हणजे १५ तारखेच्या सकाळी साडेअकरापासून १६ च्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत, तीस तास. इथे चार आकड्यांत तारीख आणि तास असतो, मिनिटं नसतात. १५०६ ला ‘पंधरा वाजून सहा मिनिटं’ वाचणारा दर बॅचमध्ये एक तरी निघतो. एफएम (‘अमुक वेळेपासून’) गट तेवढा अपवाद, त्यात मिनिटांसह सहा आकडे.

टेम्पोचा अर्थ बारकाईने घ्यावा. प्रत्येक खेप तासाभराहून कमी आणि सगळ्या खेपा मिळून दिलेल्या काळाच्या निम्म्याहून कमी. वरच्या ओळीत सहा तास दिलेत, म्हणजे एकूण तीन तासांच्या आत. पण नेमक्या तुमच्या उतरण्याच्या वेळी ती खेप येणार नाही असं टॅफ कुठेच म्हणत नाही. इंधनाचा हिशेब त्या १५०० मीटरवर करायचा, वरच्या ४००० वर नाही.

बीईसीएमजी १५१५/१५१७ म्हणजे रात्री साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान कधीतरी बदल होईल आणि मग तीच स्थिती टिकेल. नियोजनाची रीत अशी: बदल सुधारणेचा असेल तर तो काळ संपल्यावरच धरायचा, बिघाडाचा असेल तर सुरू होतानाच. वरच्या टॅफवर रात्री नऊला पोचणाऱ्याने ५००० नाही, ४००० च धरायचे. शक्यता सांगणारे प्रॉब३० आणि प्रॉब४० एवढेच दोन आकडे दिसतील. ३० टक्क्यांच्या खालची शक्यता लिहीत नाहीत आणि ५० किंवा त्याहून जास्त असेल तर सरळ टेम्पो किंवा बीईसीएमजी लावतात.

हे पान वाचनासाठी आहे. भारतातल्या उड्डाणाचं अधिकृत ब्रीफिंग भारतीय हवामान खात्याकडूनच घ्यायचं, त्यांची ऑनलाइन ब्रीफिंग सेवाही आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) हवामानशास्त्राच्या पेपरची तयारी करणाऱ्यांनी तर अर्थाचं रूप बंदच ठेवावं. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात आणि परीक्षेत मूळ ओळच समोर येते. रोज मुंबई, पुणे, नागपूर आणि एखादं धुक्याचं स्टेशन, हिवाळ्यात दिल्ली म्हणजे व्हीआयडीपी, अशा चार ओळी कागदावर उतरवायच्या, स्वतः अर्थ लावायचा आणि मगच पानाचा अर्थ उघडून ताडून पाहायचा. जिथे पान मैल दाखवतं तिथे आपलं उत्तर मीटरमध्येच ठेवायचं.