लिनक्सवर आल्यावर: लिबरऑफिस की ओन्लीऑफिस?

विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना संगणक लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर नेताना पहिली काळजी असते ती ऑफिसची, म्हणजे वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्रॅमची. लिबरऑफिस आणि ओन्लीऑफिस हे त्याचे दोन पर्याय.

ओन्लीऑफिस दिसायला वर्ड-एक्सेलसारखंच. वर्डच्या फाइलींचं डॉकएक्स हेच त्याचंही मूळ स्वरूप, त्यामुळे समोरून आलेल्या फाइलीतले तक्ते, समास सहसा जागचे हलत नाहीत.

लिबरऑफिस आधी परकं वाटतं. पण 'व्ह्यू'मध्ये 'युजर इंटरफेस' उघडून 'टॅब्ड' निवडा, निम्मी अडचण तिथेच सुटते. मेनू मराठीत मिळतात, डेटाबेससाठी 'बेस' आहे, आणि वर्डच्या जुन्या डॉक फाइली त्याच स्वरूपात जतन होतात. एक्सेलचे मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या, व्हीबीए भाषेत लिहिलेल्या आज्ञा) काही प्रमाणात चालतात; ओन्लीऑफिसचे मॅक्रो मात्र जावास्क्रिप्ट या वेगळ्या भाषेत असतात.

माझा कौल लिबरऑफिसला. दिवसभर वर्डच्या फाइलींची देवाणघेवाण असेल, तर मात्र ओन्लीऑफिसच घ्या.